तारेला ओवलेली पत्रं

माझ्या माहेरी माजघराच्या दारामागं एक तार टांगलेली असे. खाली लाकडाची गोल चकती, वर आकडा, आणि मध्ये ओवलेली पत्रं. कार्डं, आंतर्देशीय, लग्नपत्रिका, विम्याच्या पावत्या, सगळी एका तारेत. पण कुठलंही पत्र आल्याबरोबर तारेवर जात नसे. ते आधी भिंतीवरच्या घड्याळामागं खोचलं जाई. रविवारी सकाळी वडील कार्डांचा गठ्ठा घेऊन बसत आणि एकेकाला उत्तर लिहीत. उत्तर लिहून झालं की मूळ पत्राच्या कोपऱ्यात तांबड्या पेन्सिलीनं ‘उ. दि.’ अशी दोन अक्षरं आणि तारीख घालीत. उ. दि. म्हणजे उत्तर दिलं. मगच त्या पत्राला तारेवर जागा मिळे. एखाद्या महिन्यात आळस झाला, तर आई म्हणे, “अहो, घड्याळ पुढं झुकायला लागलंय. पत्रं लिहा आता.”

या तारेची आठवण व्हायला कारण घडलं ते मोठं लाजिरवाणं आहे. पण या सदराच्या वाचकांपाशी मी आजवर काही लपवून ठेवलेलं नाही, तेव्हा हेही सांगून टाकते.

गेल्या वर्षी श्रावणात माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीनं मला ई-मेल पाठवली. सात वर्षांपूर्वी बी. ए. होऊन गेलेली मुलगी. संशोधनासाठी एक शिष्यवृत्ती मिळण्याजोगी होती, तिला माझं शिफारसपत्र हवं होतं. मुदत होती 31 ऑगस्टची. पत्र अगदी नीटस लिहिलेलं, ऱ्हस्वदीर्घसुद्धा बिनचूक! ते मी वाचलं 9 सप्टेंबरला. तोवर ते माझ्या टपालात एका बँकेचं कर्ज आणि साड्यांचा सेल यांच्या मधोमध निमूटपणे उभं होतं. मी क्षमा मागणारं लांबलचक उत्तर लिहिलं. तिचं उलट उत्तर दोन ओळींचं आलं : “हरकत नाही मॅडम. पुढच्या वर्षी बघू.”

मराठी शिकवण्यात माझी वीस वर्षं गेली. ‘बघू’ या क्रियापदात किती गोष्टी मावतात, हे मला कोणी सांगायला नको. मूल खेळणं मागतं तेव्हा बाप म्हणतो, बघू. स्थळाकडची मंडळी निघताना म्हणतात, बघू. माझ्या निष्काळजीपणापायी एका हुशार मुलीला तो शब्द लिहावा लागला, हे काही केल्या मनातून जाईना.

दिवाळीच्या सुट्टीत माझा भाचा घरी आला. संगणकाच्या क्षेत्रात नोकरी करतो. माझ्या भावाचा मुलगा म्हणजे रीतीनं भाचाच, पण मला ‘आत्या’ म्हणून हाक मारताना तो अजून सहा वर्षांचाच असतो. मी त्याला माझं टपाल दाखवलं. न वाचलेल्या पत्रांचा आकडा पाच अंकी झाला होता. तो पाहून त्यानं डॉक्टरासारखा चेहरा केला.

“आत्या, तू हे असं कसं वापरतेस गं?”

“सगळं जग असंच वापरतं.”

“जगाला शिफारसपत्रं लिहायची नसतात,” तो म्हणाला. आणि त्यानं माझ्या संगणकावर एक काळी खिडकी उघडली.

त्या खिडकीत चित्र नाही, रंगीत बटण नाही, उंदीर फिरवायला जागा नाही. नुसत्या ओळी. एका पत्राला एक ओळ : क्रमांक, तारीख, कोणाचं, विषय. झालं! ‘जे’ दाबलं की खालच्या ओळीवर, ‘के’ दाबलं की वरच्या. ‘आर’ म्हणजे उत्तर, ‘डी’ म्हणजे खोडा. खोडलेलं पत्रही लगेच जात नाही. त्याच्यापुढं नुसती खूण होते. निघताना तो प्रोग्रॅम विचारतो, खरंच टाकून देऊ का? तोवर ‘यू’ दाबून त्याला परत जिवंत करता येतं. या प्रोग्रॅमचं नाव ‘मट’. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ मिश्र जातीचं कुत्रं. मायकेल एल्किन्स या गृहस्थानं तो 1995 च्या सुमारास लिहिला. त्यापूर्वी ‘एल्म’, ‘पाइन’ असे याच वळणाचे प्रोग्रॅम होते. त्यांचे निरनिराळे गुण या कुत्र्यात उतरले आहेत. मला त्याचा नम्रपणा आवडला. पत्रं वाचायचे सगळेच प्रोग्रॅम वाईट असतात, हा त्यातल्या त्यात कमी वाईट, अशा अर्थाचं ब्रीदवाक्य त्याच्या कर्त्यांनी मिरवलं आहे. आमच्या साहित्यसंमेलनांच्या निमंत्रणपत्रिकांवर असं काही छापलेलं पाहायला मिळेल तर किती बहार होईल!

कोणी म्हणेल, हे तर मागं जाणं झालं. असेलही. ई-मेलचा जन्मच मुळी नुसत्या अक्षरांचा. 1971 साली रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्यानं एका संगणकावरून दुसऱ्यावर पहिलं पत्र पाठवलं, आणि माणसाचं नाव व यंत्राचं नाव यांच्यामध्ये ते सुप्रसिद्ध ‘ॲट’चं चिन्ह घातलं. चित्रं, रंग, निरनिराळ्या लिप्या आणि सोबत जोडायच्या फायली यांची रीतसर व्यवस्था व्हायला 1992 साल उजाडलं. त्या व्यवस्थेचे उपकार मी विसरत नाही. ती नसती तर मला आज मराठीत ई-मेल करता आली नसती. पण त्याच दारानं साड्यांचा सेलही घरात शिरला, हे खरं ना?

शिवाय भाच्यानं आणखी एक गोष्ट सांगितली. अनेक जाहिरातींच्या पत्रात एका ठिपक्याएवढं, डोळ्यांना न दिसणारं चित्र दडवलेलं असतं. तुम्ही पत्र उघडलं की ते चित्र पाठवणाऱ्याच्या संगणकावरून मागवलं जातं. आणि तेवढ्यावरून त्याला कळतं, की बाईंनी पत्र उघडलं बरं का, अमुक वाजता! या काळ्या खिडकीत चित्रं मागवलीच जात नाहीत. पत्रातला नुसता मजकूर दिसतो. मी पत्र वाचलं की नाही, हे मी उत्तर देईपर्यंत माझ्यापाशीच राहतं.

आता खरी मौज पुढंच आहे. हा प्रोग्रॅम घरी आणला म्हणजे संपलं नाही. तो बिऱ्हाडाच्या रिकाम्या खोलीसारखा असतो. मांडणी आपली आपण करायची. त्यासाठी एक साधी फाइल असते आणि त्या फाइलीत एकेक ओळ लिहून त्याला आपल्या सवयी सांगायच्या. पत्रं कोणत्या क्रमानं लावायची? एकाच विषयावरची पत्रं आणि उत्तरं एकाखाली एक लावायची का? कोणाची ओळ पिवळी, कोणाची हिरवी? पत्राच्या माथ्यावरचा सगळा टपालखात्याचा इतिहास दाखवायचा, की फक्त कोण, कोणाला, केव्हा आणि विषय एवढंच? अशा शेकडो गोष्टी विचारणारा हा प्राणी आहे. नव्या सूनबाईंना सासूनं एका बैठकीत घरच्या रीती सांगाव्यात, तशी मी चार संध्याकाळी ती फाइल लिहीत बसले होते.

पहिल्या संध्याकाळी मराठीनं अडवलं. खिडकीतलं प्रत्येक अक्षर एकेका सारख्या चौकोनात बसवलेलं असतं. इंग्रजी अक्षरं त्या चाळीत सुखानं नांदतात. आपल्या लिपीला एवढी शिस्त कुठली? संगणकाच्या पोटात ‘कि’ लिहिताना आधी क येतो आणि मग वेलांटी. ती उचलून क च्या अलीकडं मांडण्याचं काम पडद्याचं. ते त्याला जमलं नाही, की पहिली वेलांटी पुढच्या अक्षराच्या अंगावर जाऊन पडते आणि जोडाक्षरांचे पाय मोडून हलन्त बाहेर येतात. माझ्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत मी हे पाहिलं आहे, पण त्यांचे मी गुण कापते. यंत्राचे कोण कापणार? भाच्यानं आपल्या लिपीची जाण असलेली दुसरी खिडकी शोधून आणली, तेव्हा बरंचसं निभावलं. पत्र लिहायला मात्र हा प्रोग्रॅम बाहेरचा संपादक बोलावतो, आणि कोणता बोलवायचा हे आपल्याला ठरवता येतं. मी माझा नेहमीचा, मराठी नीट उमटवणारा नेमून टाकला. कळफलक मराठीवर राहिला आणि मी ‘डी’ दाबलं, तर मात्र आमचं कुत्रं अजूनही म्हणतं, ही कळ मला ठाऊक नाही.

दुसऱ्या संध्याकाळी मायन्यांनी खूश केलं. आमच्या पिढीला शाळेत पत्रलेखनात मायन्याचे वेगळे गुण असत. वडिलांना ‘तीर्थरूप’, वडिलांच्या ठिकाणी असलेल्यांना ‘तीर्थस्वरूप’, धाकट्यांना ‘चिरंजीव’, परक्यांना ‘सा. न. वि. वि.’ माणूस पाहून आरंभ, माणूस पाहून शेवट. आजच्या ई-मेलनं हे सगळं एका सहीत चिरडलं. माझी जुनी सही नऊ ओळींची होती : पदवी, हुद्दा, विभाग, दोन फोन आणि कागद वाचवण्याचा उपदेश. सख्ख्या भावाला ‘औषध घेतलंस का?’ एवढं विचारलं तरी खाली या नऊ ओळी जायच्या! नव्या प्रोग्रॅमला सांगता येतं, की अमक्याला पत्र असेल तर अमुक सही, तमक्याला असेल तर तमुक. भावाला आता ‘तुझी ताई’. महाविद्यालयाच्या कामाला हुद्द्यासह चार ओळी. सही चार ओळींत आटपावी, असा ई-मेलवाल्यांचा जुना शिष्टाचारच आहे.

उत्तर लिहिताना मूळ मजकुराच्या वर, ‘अमुक तारखेला अमक्यानं लिहिलं’ अशी ओळ तो आपोआप घालतो. तीही मराठीत करता येते. केली, आणि व्याकरणात अडकले. ‘ने’ लिहू की ‘यांनी’? इंग्रजीला ही पंचाईत नाही. तिथं प्राचार्य आणि पुतण्या एकाच क्रियापदानं लिहितात. शेवटी मी ‘यांचं पत्र’ असं सरसकट ठेवलं. भाच्याला माझं पहिलं उत्तर गेलं त्यात त्याच्या नावापुढं ‘यांचं पत्र’ पाहून त्याचा फोन आला, “आत्या, मी एवढा मोठा कधी झालो?”

आणखी एक सोय. पत्रात ‘सोबत जोडलं आहे’ असं लिहून फाइल जोडायला विसरण्याची माझी जुनी खोड. आता पत्रात विशिष्ट शब्द असेल आणि सोबत काही नसेल, तर तो आधी विचारतो. मी त्याला ‘सोबत’ हा शब्द शिकवला. दुसऱ्याच दिवशी मैत्रिणीला लिहिलं, ‘तुझ्यासोबत चहा घेऊन किती दिवस झाले!’ त्यानं मला थांबवून विचारलं, सोबत काही जोडलेलं नाही, तरी पाठवू का? मी क्षणभर त्या प्रश्नाकडं पाहतच राहिले. मग पत्र पाठवलं, आणि रविवारी चहाला गेले.

पण हे सगळं झालं घर सजवणं. ज्यासाठी हा खटाटोप मांडला, ती विद्यार्थिनीच्या पत्राची गोष्ट राहिलीच होती.

प्रत्येक ओळीच्या आरंभी हा प्रोग्रॅम बारीक खुणा करतो. नवं पत्र असलं की ‘एन’. उत्तर दिलेलं असलं की लहान ‘आर’. ते पाहून मी उडालेच, ही तर वडिलांची तांबडी पेन्सिल! आणखी एक खूण आहे. पत्र तुमच्यासह अनेकांना असेल तर ‘टी’, तुम्हाला नुसती प्रत असेल तर ‘सी’, आणि फक्त तुम्हालाच लिहिलेलं असेल तर अधिक चिन्ह. मला वाटलं, सापडलं! जे फक्त मला लिहिलंय तेवढं आधी वाचायचं.

छे! साड्यांचा सेलही ‘फक्त मलाच’ लिहिलेला असतो. बँकही मला नावानं हाक मारते. आपुलकीचं सोंग त्यांच्याइतकं कोणाला साधणार?

मग तिसऱ्या संध्याकाळी मी दुसरा मार्ग धरला. माझ्या माणसांची नावं लिहायची आणि त्यांच्या ओळी पिवळ्या करायच्या. यादी करायला बसले. आई, भाऊ, भाचा, दोन मैत्रिणी, तीन सहकारी, एक जुने सर... अकरा नावं झाली आणि लेखणी थांबली. अकराच? दुसरा विचार त्याहून बोचरा होता. त्या मुलीचं नाव या यादीत आलंच नव्हतं. मी कितीही प्रामाणिकपणे यादी केली असती तरी ते आलं नसतं. सात वर्षांपूर्वीची विद्यार्थिनी, तिचा नवा पत्ता. कोणत्या रंगात बसणार ती? आपल्या माणसांची यादी करून दाराशी उभं राहिलं, की गरजेनं आलेला अनोळखी माणूस नेमका बाहेर राहतो. आणि गरज पडल्यावर येणारी माणसं बहुधा यादीबाहेरचीच असतात.

ही अडचण मी भाच्याला फोनवर सांगितली. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “आत्या, उलट कर. आपली माणसं ओळखू नकोस. गर्दी ओळख.”

गर्दीची खूण कोणती? ती त्यानं दाखवली आणि मला अगदी नवल वाटलं. एकगठ्ठा पाठवलेल्या पत्रांच्या माथ्यावर, आपल्याला एरवी न दिसणाऱ्या भागात, एक ओळ बहुतेक वेळा असते : ‘लिस्ट-अनसब्स्क्राइब’. ही पत्रं नको असतील तर इथं कळवा, असा तिचा अर्थ. 1998 साली तिचा नमुना ठरला; आणि फेब्रुवारी 2024 पासून गूगल आणि याहू यांनी रोज हजारो जाहिराती पाठवणाऱ्यांना ती सक्तीची केली आहे. माणूस माणसाला पत्र लिहितो तेव्हा ही ओळ त्यात नसते. मैत्रीण कधी लिहीत नाही, की माझी पत्रं नको असतील तर खालची कळ दाबा!

चौथ्या संध्याकाळी मी फाइलीत एक ओळ घातली. आता एक कळ दाबली, की ज्यांच्या माथ्यावर ती खूण आहे ती सगळी पत्रं दृष्टीआड होतात. खोडली जात नाहीत, नुसती बाजूला होतात. पहिल्यांदा ती कळ दाबली तेव्हा त्या आठवड्याच्या दोनशे चौदा ओळींच्या सतरा झाल्या. सतरा! वडिलांच्या घड्याळामागं मावतील एवढ्या. त्यात एका निवृत्त गृहस्थांनी एका जुन्या शब्दाचा अर्थ विचारला होता. एका विद्यार्थ्यानं आजारपणामुळं निबंध उशिरा देण्याची परवानगी मागितली होती. दोघंही माझ्या अकरांच्या यादीत नव्हते.

ही युक्ती अचूक नाही, तेही सांगते. भाषाभ्यासकांच्या एका गटाची पत्रंही त्या खुणेनं बाजूला गेली; त्या गटाला अपवाद म्हणून वेगळं लिहावं लागलं. आणि काही लबाड जाहिरातदार ती ओळ घालतच नाहीत. पण सतरा ओळींत दोन लबाड आले, तर ते डोळ्यांना ताबडतोब दिसतात.

वाचकांनी लगेच काळ्या खिडक्या उघडाव्यात, असा माझा आग्रह नाही. घरात कोणी जाणकार भाचा असेल तरच या वाटेला जावं, आणि त्या फाइलीत आपला पासवर्ड उघडा लिहून ठेवू नये. भाच्यानं माझा कुलूपबंद करून दिला आहे. मात्र तुमच्या नेहमीच्या टपालातही नियम करण्याची सोय बहुधा असते. ‘अनसब्स्क्राइब’ हा शब्द ज्यात असेल ते पत्र वेगळ्या खणात जावं, एवढा एक नियम केलात तरी पुष्कळ. अधूनमधून त्या खणात डोकावलं म्हणजे झालं. पण मुख्य खणात उरतील त्या ओळी मात्र रोज स्वतः वाचायच्या. ते काम कोणत्याही प्रोग्रॅमला सांगता येत नाही. वडिलांची तार काही पत्रं वाचीत नव्हती. रविवारी सकाळी वडील बसत, म्हणून तारेला अर्थ होता.

सगळी मांडणी झाली. आठ महिने ती सुरळीत चालली. आणि गेल्या जुलैत एका रात्री ध्यानात आलं, की मी त्या मुलीच्या पत्राची वाट पाहते आहे. ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणाली होती ना? पुढचं वर्ष आलं होतं. पण मी का वाट पाहावी? एकदा दार न उघडलेल्या घरी पुन्हा येऊन कडी वाजवायची, हे तिनं का करावं? इतक्या कळा मी शिकले; येणाऱ्या पत्रांना वळण लावण्याच्याच बहुतेक सगळ्या. ‘एम’ ही कळ नवं पत्र लिहिण्याची. ती दाबायचं मला सुचलंच नव्हतं.

दाबली. लिहिलं, की या वर्षीची मुदत केव्हाची आहे ते कळव. शिफारसपत्र मी आधीच लिहून ठेवते. सही कोणती जाते इकडं लक्षच नव्हतं. हुद्द्याच्या चार ओळी जाणार असं दिसलं, तेव्हा त्या खोडून नुसतं नाव ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सतरा-अठरा ओळींमध्ये तिची ओळ होती. विषयातली एक वेलांटी जरा सरकलेली, पण वाचता आली. मुदत या वर्षीही 31 ऑगस्टचीच होती. माझं शिफारसपत्र 4 ऑगस्टला गेलं. ‘सोबत जोडलं आहे’ असं लिहिलं, आणि या खेपेला खरोखर जोडलं होतं.

निकाल अजून लागायचा आहे. तिच्या पत्रापुढं ‘आर’ची खूण केव्हाच झाली आहे, तेव्हा वडिलांच्या रीतीनं ते तारेवर जायला हवं. पण मी ते अजून हलवलेलं नाही. घड्याळामागंच आहे म्हणा ना!